घरून काम: आधी दिवस संपवायला शिका

ऑफिसात जाणाऱ्या माणसाचा दिवस बऱ्याच अंशी दुसरेच आखून देतात. गाडी चुकू नये म्हणून तो वेळेवर निघतो, शेजारचे सहकारी जेवायला उठले की उठतो, संध्याकाळी मजला रिकामा होऊ लागला की त्याचीही आवराआवर सुरू होते. घरून काम सुरू झालं की हे सगळे इशारे एका दिवसात नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी आपोआप काहीच येत नाही. नव्याने घरून काम करणाऱ्यांची ओढाताण इथून सुरू होते, आणि ती शिस्तीत वाढलेल्या, कामसू माणसांचीही होते.

म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा आहे. बहुतेक जण सकाळपासून सुरुवात करतात: लवकर उठायचं, टेबल नीट लावायचं, कामांची यादी करायची. आमचा आग्रह असा, की आधी काम थांबवायची वेळ पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्यापासून मागे मोजत बांधा. थांबायची वेळ नसली की सकाळचं उत्तम वेळापत्रकही दुपारनंतर सैल पडतं, कारण ‘रात्री करू’ ही वाट कायम मोकळी असते.

हा प्रश्न केवळ चिडचिडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ५५ तास ऐकायला खूप वाटतात, पण हिशोब करून बघा. पाच दिवस आठ तास म्हणजे ४०. रोज संध्याकाळी दीड तास वाढला की साडेसत्तेचाळीस. शनिवारी ‘जरा उरलेलं संपवतो’ म्हणून चार तास आणि रविवारी साडेतीन तास, की ५५ पूर्ण. यातला एकही तास कुणी मागितलेला असेलच असं नाही.

पहिली पायरी: पाच दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी कामाचे पाच दिवस कागदावर नोंद ठेवा. रोज चार गोष्टी लिहायच्या: कामाचा पहिला मेसेज किंवा मेल किती वाजता उघडला, शेवटचा किती वाजता पाहिला, मध्ये प्रत्यक्ष काम किती तास झालं, आणि काम कशाकशाने तुटलं. अॅप वगैरे लागत नाही. लॅपटॉपशेजारी ठेवलेला कागद बरा, कारण तो डोळ्यासमोर राहतो.

आठवड्याच्या शेवटी दोन आकडे समोर ठेवा. पहिला म्हणजे दिवसाचा पसारा, सकाळच्या पहिल्या मेसेजपासून रात्रीच्या शेवटच्या मेसेजपर्यंतचे तास. दुसरा म्हणजे प्रत्यक्ष कामाचे तास. पसारा १३ तास आणि काम सात तास असेल, तर काम जास्त नाही, ते दिवसभर विखुरलंय. तुमचं उत्तर जागा, घरातली माणसं आणि फोन यांच्याबद्दलच्या पायऱ्यांत आहे. पण प्रत्यक्ष कामच रोज दहा-अकरा तास भरत असेल, तर टेबल बदलून किंवा फोन बंद करून फारसा फरक पडणार नाही. तिथे कामाचा बोजाच कमी करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी मॅनेजरशी बोलणं भाग आहे. हा फरक न तपासता थेट उपायांकडे धावणं ही नवख्यांची सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. मग महिनाभर धडपड करूनही काही बदलत नाही आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

नोंदीत आणखी एक साखळी दिसेल. दिवसा घरकामाने किंवा फोनने काम तुटतं, त्याची टोचणी लागते, ती भरून काढायला माणूस रात्री बसतो, झोप कमी होते आणि दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी लवकर उडतं. घर कामात शिरतं म्हणून काम घरात शिरतं. एका बाजूची गळती थांबवली की दुसरी बरीचशी आपोआप कमी होते.

दुसरी पायरी: थांबायची वेळ आणि शेवटचा अर्धा तास

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

थांबायची एक वेळ ठरवा, समजा संध्याकाळचे साडेसहा. ती कॅलेंडरवर रोजची म्हणून टाका, टीमला दिसेल अशी. आता सहा वाजताचा गजर लावा. हा गजर काम थांबवण्यासाठी नाही, नवं काम हातात न घेण्यासाठी आहे. ‘पाच मिनिटांत होईल’ म्हणून सहा वाजून वीस मिनिटांनी उघडलेली फाइलच साडेसातपर्यंत बसवून ठेवते.

सहा ते साडेसहा या वेळात पुढचा क्रम धरा.

१. आज उत्तर न दिल्यास कुणाचं काम खरोखर अडेल, एवढेच मेल आणि मेसेज हातावेगळे करा. दहा मिनिटं पुरतात.

२. अर्धवट राहिलेली कामं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे उद्याची पहिली कृती लिहा. ‘अहवाल पूर्ण करणे’ असं लिहून उपयोग नाही. ‘तिसऱ्या तक्त्यातले मार्चचे आकडे तपासणे’ असं लिहा. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं हे सगळ्यांना माहीत असतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं, की काम पूर्ण न करताही, ते पुढे कसं करायचं याची नेमकी योजना केली की हे घोळणं बरंच थांबतं. म्हणजे यादी मोघम असेल तर डोकं ते काम सोडत नाही.

३. उद्याच्या मीटिंगच्या वेळा बघून ठेवा, म्हणजे रात्री ‘सकाळी किती वाजता आहे बरं’ म्हणून पुन्हा लॅपटॉप उघडावा लागणार नाही.

४. सगळे टॅब बंद करा, कामाच्या खात्यांतून लॉगआउट व्हा, लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटलं तर उघडायला दोन सेकंद लागतात, आणि ते उघडलं जातंच.

५. लॅपटॉप, चार्जर, वही, हेडफोन नजरेआड करा: खणात, बॅगेत किंवा खोक्यात.

६. पंधरा-वीस मिनिटं घराबाहेर चालून या. ऑफिसहून परतताना प्रवासात डोकं हळूहळू कामातून बाहेर यायचं, ते काम आता या फेरीने करायचं. परत आलात की कपडे बदला आणि मगच घरच्या गोष्टीला हात लावा. बाहेर पडणं शक्य नसेल तर अंघोळ, व्यायाम, झाडांना पाणी घालणं, काहीही चालेल. मात्र ते रोज तेच असावं आणि त्यात स्क्रीन नसावी.

पहिले आठ-दहा दिवस साडेसहाला उठताना अपराधी वाटेल. ते अपेक्षितच आहे, त्यावरून वेळ चुकीची आहे असं ठरवू नका. काम खरोखर अंगावर आलं आणि जास्त बसावंच लागलं, तर बसण्याआधी किती वेळ बसणार हे ठरवा आणि तेवढा वेळ त्याच आठवड्यात कुठून वजा करणार हे कॅलेंडरवर टाका. हिशोब न ठेवलेला जास्तीचा तास पुढच्या आठवड्यात नेहमीचा होऊन बसतो.

दुसऱ्या टाइम झोनमधल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांना सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत ‘थोडं थोडं’ हजर राहावं लागतं आणि हेच सर्वांत घातक. त्यापेक्षा दिवसाचे उघडपणे दोन तुकडे करा, उदाहरणार्थ सकाळी नऊ ते दुपारी एक आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा. मधल्या पाच तासांत काम पूर्ण बंद. दोन्ही तुकड्यांच्या शेवटी वरची आवराआवर करायची. रात्रीच्या तुकड्यानंतर लगेच अंथरुणावर पडू नका. निदान तासभर मध्ये जाऊ द्या, नाहीतर शेवटच्या मीटिंगचे विषय झोपेत येतात.

तिसरी पायरी: जागा

स्वतंत्र खोली असली तर उत्तम, पण ती अट नाही. अट एवढीच, की कामाची जागा एकच असावी आणि ती अंथरूण नसावं. पलंगावर बसून काम केलं की मेंदू त्या जागेची गाठ जागेपणाशी आणि ताणाशी बांधतो. निद्रानाशाच्या उपचारांतही पलंग फक्त झोपेसाठी ठेवायला सांगतात, त्याचं कारण हेच.

घर लहान असेल तर एक खोकं आणि एक ठरलेली खुर्ची एवढ्यावर काम भागतं. जेवणाच्या टेबलावर बसत असाल तर जेवताना ज्या बाजूला बसता तिच्या समोरची बाजू कामासाठी घ्या. सकाळी खोक्यातून सामान काढायचं, संध्याकाळी परत भरायचं. ही काढ-ठेव कंटाळवाणी वाटते, पण छोट्या घरात तीच दाराचं काम करते.

आता मापं. बाजारातली बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात आणि बेताच्या उंचीच्या माणसाला ती उंच पडतात. खूण अशी: हात कीबोर्डवर असताना कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल असायला हवेत. खांदे वर उचललेले राहत असतील तर खुर्चीवर उशी घालून उंची वाढवा आणि पाय लोंबायला लागले तर खाली पाट किंवा घट्ट खोकं ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर.

लॅपटॉपमध्ये मेख अशी, की स्क्रीन नीट उंचीवर आणली तर कीबोर्ड उंच जातो आणि कीबोर्ड नीट ठेवला तर मान वाकते. रोज दोन तासांहून जास्त काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवा. खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा; महागडी खुर्ची नंतर. खिडकी शक्यतो बाजूला असावी. ती समोर असेल तर डोळे दिपतात, मागे असेल तर स्क्रीनवर चकाकी येते.

चौथी पायरी: दिवसाची आखणी

थांबायची वेळ पक्की झाली की सुरुवातीची वेळ आपसूक ठरते. कामाचे आठ तास, जेवणाची पाऊण तास सुट्टी आणि छोट्या विश्रांतींची मिळून दिवसभरात साधारण तीस-चाळीस मिनिटं. साडेसहाला थांबायचं तर नऊच्या आसपास बसायला हवं.

पहिले दोन तास सर्वांत अवघड कामाला द्या आणि त्या वेळात मेल उघडू नका. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली हे प्रयोगांतून मांडलं. घरी अशा उड्या ऑफिसपेक्षा सोप्या, कारण पाहणारं कुणी नसतं. मेल आणि मेसेजसाठी दिवसातून तीन-चार ठरलेल्या वेळा ठेवल्या तर बहुतेकांचं भागतं. ग्राहकांना तात्काळ उत्तरं देणं हेच तुमचं काम असेल, तर अर्थातच हे लागू नाही.

विश्रांतीबद्दल घरून काम करणारे स्वतःशी फार कठोर वागतात. चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग झाला आणि अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती, पण त्या १३ पैकी सुमारे ९ टक्के हे शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम केल्यामुळे आले होते: कमी विश्रांती, कमी आजारपणाच्या रजा. म्हणजे विश्रांती घटणं हा घरून कामाचा ठरलेला कल आहे आणि तो उलटवायचा तर विश्रांतीला गजर लागतो.

दर ३० ते ४५ मिनिटांनी उठा, दोन-तीन मिनिटं चाला. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून त्याच वेळी मुद्दाम चार-पाच वेळा डोळे मिटा. जेवण लॅपटॉपपासून दूर, दुसऱ्या जागी. या सुट्टीत मोबाइलवर बातम्या चाळल्या तर डोळ्यांना आणि डोक्याला सुट्टी मिळालेली नसते.

मीटिंग अर्ध्या तासाऐवजी २५ मिनिटांची आणि तासाऐवजी ५० मिनिटांची लावा. लागोपाठच्या व्हिडिओ मीटिंगने थकवा का येतो याची कारणं संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी खिळून राहणं आणि हावभाव समजून घ्यायला लागणारी जास्तीची मेहनत. यांपैकी दोन कारणं लगेच कमी करता येतात. स्वतःची चौकट लपवा, आणि दोघांच्या बोलण्यासाठी व्हिडिओऐवजी फोन लावून चालत बोला.

पाचवी पायरी: फोन

लॅपटॉप खणात गेला तरी ऑफिस खिशात राहतं. कामाचे अॅप्स वैयक्तिक फोनवर असतील तर थांबायच्या वेळेनंतर त्यांचे नोटिफिकेशन आपोआप बंद होतील अशी सोय करा. अँड्रॉइडवर कंपनीने दिलेलं ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर ते एका बटणाने थांबवता येतं. आयफोनमध्ये ‘फोकस’ला वेळ लावता येते. केवळ आवाज बंद करून भागत नाही, आयकॉनवरचा लाल आकडाही बंद करा. आकडा दिसला की बोट तिकडे जातंच.

पण सेटिंग बदलून टीमची अपेक्षा बदलत नाही. ती सांगूनच बदलावी लागते, आणि पहिल्याच आठवड्यात सांगणं सोपं जातं. मेसेज असा असू शकतो: ‘मी सकाळी ९ ते संध्याकाळी ६:३० कामावर असेन. त्यानंतर आलेले मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी पाहीन. सकाळपर्यंत थांबता येणार नाही असं काही असेल तर कृपया फोन करा.’ यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तातडीसाठी एक वाट उघडी आहे हे माहीत असलं की तुम्हालाही सारखं डोकावावंसं वाटत नाही. आणि फोन करायचा म्हटला की माणसं आपोआप विचार करतात, हे आत्ताच हवंय का.

यानंतर स्वतःच रात्री दहाला उत्तर दिलंत, तर मेसेजवर पाणी पडलं. उशिरा काही सुचलंच तर लिहून ठेवा आणि मेल सकाळी जाईल अशी वेळ लावा. जीमेल आणि आउटलुक दोन्हींत ती सोय आहे. हातात टीम असेल तर ही जबाबदारी दुप्पट, कारण वरिष्ठांचा रात्रीचा मेल कितीही ‘सावकाश बघा’ म्हणाला तरी समोरचा लगेच उघडतो. कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क काही देशांनी कायद्यातच आणला आहे: फ्रान्समध्ये तो १ जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून. जिथे असा कायदा नाही तिथेही मर्यादा मागण्यात गैर काही नाही.

सहावी पायरी: घरातली माणसं

‘घरीच तर आहेस’ या तीन शब्दांनी घरून काम करणाऱ्यांचा जितका वेळ जातो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल. घरच्यांचा त्यात वाईट हेतू नसतो. समोर बसलेला माणूस हजर नाही, हे मानायला त्यांनाही सवय लागते.

सगळ्यांना एकत्र बसवून तीन गोष्टी ठरवा. एक, न थांबता बोलवायचं असं काय: कुणाला लागलं, बरं नाही, दाराशी कुणी आलं आणि घरात दुसरं कुणी नाही. दोन, ठरलेल्या सुट्टीत बोलायचं असं काय: सामान, बिलं, संध्याकाळचे बेत. तीन, अजिबात आत यायचं नाही याची खूण: मिटलेलं दार, आणि दार नसेल तर हेडफोन. ही खूण फक्त मीटिंग आणि एकाग्रतेच्या वेळीच वापरा. दिवसभर हेडफोन घालून बसलात तर दोन दिवसांत त्या खुणेला कुणी विचारत नाही.

लहान मुलांना ‘थोड्या वेळाने’ कळत नाही. ‘मोठा काटा सहावर आला की मी दहा मिनिटं तुझ्याशी खेळणार’ हे कळतं, आणि शब्द पाळला तर ती थांबतातही. मात्र अगदी लहान मूल सांभाळणं आणि काम करणं एकाच वेळी होत नाही, हे सरळ मान्य केलेलं बरं. घरात दोन मोठी माणसं असतील तर दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा: एक जण पूर्णपणे मुलाकडे, दुसरा पूर्णपणे कामावर. दोघांनी अर्धंअर्धं लक्ष ठेवलं तर दोघांचंही काम बुडतं आणि मूलही किरकिर करतं.

घरकामाचंही तसंच. कामाच्या वेळात कोणती घरकामं करणार याची यादी छोटी आणि ठरलेली हवी, आणि ती विश्रांतीच्या वेळातच व्हायला हवीत. घरातली स्त्री घरून काम करत असेल तर हा भार न बोलता तिच्याकडे सरकतो. त्यावर समजूतदारपणाचा भरवसा पुरत नाही; ती ऑफिसला जात असती तर हे काम कुणी केलं असतं, हा प्रश्न प्रत्येक कामाबद्दल मोठ्याने विचारावा आणि उत्तरानुसार वाटणी लिहून काढावी.

सातवी पायरी: माणसांत राहणं आणि शरीर

आठवड्यातून दोनदा तरी कामाशी संबंध नसलेल्या माणसांना प्रत्यक्ष भेटा आणि ते आधी ठरवून ठेवा. घरून काम करताना एकटेपण हळूहळू येतं. पहिल्या महिन्यात शांतता सुखाची वाटते, म्हणून ते लक्षातही येत नाही. सहकाऱ्यांशीही आठवड्यातून एकदा विषयाविना दहा मिनिटं बोला.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संध्याकाळची ती वीस मिनिटांची फेरी जरा झपाझप चाललात, तर पाच दिवसांत १०० मिनिटं झाली. सकाळी काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं बाहेर गेलात तर उरलेली ५० भरतात, आणि सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळही जागेवर राहतं.

गाडी रुळावर येत नसेल तर

सगळे बदल एकाच सोमवारी सुरू करू नका. आठवड्याला एक पुरे: आधी थांबायची वेळ, मग जागा, मग फोन, मग घरच्यांशी बोलणं. दिवसाची आखणी सगळ्यात शेवटी आली तरी चालेल.

मॅनेजरशी बोलायची वेळ आली तर पहिल्या पायरीतली नोंद सोबत घ्या. ‘काम फार आहे’ याला ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर तयार असतं. ‘गेल्या दोन आठवड्यांत ५२ आणि ५४ तास झाले, या पाच कामांपैकी कोणती तीन आधी हवीत?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

आणि काही खुणा दिसल्या तर वेळापत्रकात डागडुजी करत बसू नका: झोपूनही न जाणारा थकवा, कामाबद्दल तिटकारा किंवा तुटलेपण, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन याच तीन लक्षणांनी केलं आहे आणि ते व्यवस्थित न हाताळल्या गेलेल्या कामाच्या दीर्घकाळच्या ताणाशी जोडलं आहे. असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा आणि रजा शिल्लक असेल तर ती आत्ताच घ्या.

पाच दिवसांची नोंद सहाव्या आठवड्यात पुन्हा करा. त्यानंतर प्रोजेक्ट बदलला, घर बदललं, मुलांच्या शाळेची वेळ बदलली, की पुन्हा एकदा. घरचं वेळापत्रक बहुतेक वेळा अशा बदलांच्या आठवड्यातच मोडतं.